संत जोसेफ वाझ आणि मेंढपाळावाचून राहिलेला कळप

धर्मग्रामाच्या महोत्सवाचा प्रसंग आला म्हणजे मागील पिढ्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ख्रिस्तमंदिराची कोनशिला कोणी बसविली, घंटा कोणी दिली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, ह्यांची नोंद अशा स्मरणिकेत असावी हे योग्यच होय. परंतु अशा वेळी एक प्रश्न आपण सर्वांनी स्वतःस विचारावा असे आम्हांस वाटते. उद्या हे मंदिर आपल्या हातून गेले, घंटेचा नाद थांबला, व्हिकार फादरांस येथून जावे लागले, आणि मिस्सेस हजर राहणे हाच गुन्हा ठरला, तर आपल्या धर्मग्रामापैकी काय उरेल?

हा प्रश्न नुसत्या कल्पनेतला नव्हे. सतराव्या शतकात लंकेतील कॅथलिक मंडळीस तो प्रत्यक्ष आयुष्यात सोडवावा लागला, आणि त्याचे उत्तर आपल्याच कोकणकिनाऱ्यावर जन्मास आलेल्या एका धर्मगुरूच्या चरित्रात साठविलेले आहे. लंकेचे प्रेषित म्हणून ज्यांचा गौरव होतो ते संत जोसेफ वाझ हेच ते धर्मगुरू. त्यांचे चरित्र पुष्कळांनी ऐकले असेल. तथापि ते चरित्र जितके त्यांचे आहे तितकेच ते त्यांस आश्रय देणाऱ्या अनाम भाविकांचेही आहे, आणि त्या दृष्टीने ते पुन्हा सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गोव्यातील साष्टी प्रांतात, बाणावली ह्या गावी, आपल्या आजोळी २१ एप्रिल १६५१ रोजी जोसेफ वाझ यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव ख्रिस्तोव्हाव वाझ व आईचे मारिया द मिरांडा. वडिलांचे घर सांकवाळ येथे होते. बाळाचा स्नानसंस्कार बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ता यांच्या मंदिरात झाला. हीच ती साष्टी, जेथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे प्रथम छापून निघाले. तारणाची कथा ओवीबद्ध मराठीत त्या भागातील मंदिरांतून वाचली जात असे. वाझ जन्मले तेव्हा त्या ग्रंथास पस्तीस वर्षे झाली होती. आपल्या भाषेत देवाची कथा ऐकणारी, घरोघर सायंप्रार्थना करणारी अशी ती मंडळी होती, आणि तिच्याच कुशीत हा मुलगा वाढला.

सांकवाळास पोर्तुगीज व बाणावलीस लॅटिन भाषेचे शिक्षण झाल्यावर जोसेफ यांनी गोवा नगरीत येशूसंघीयांच्या संत पावलाच्या महाविद्यालयात अध्ययन केले. पुढे डोमिनिकन संघाच्या संत थॉमस विद्यालयात ईश्वरविज्ञानाचा अभ्यास संपवून १६७६ साली ते धर्मगुरू झाले. गुरुदीक्षा मिळाल्यावर गरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचा त्यांनी परिपाठ ठेविला. सांकवाळास मुलांसाठी शाळा काढली. उपदेशक म्हणून व पापनिवेदन ऐकणारे म्हणून त्यांची कीर्ती थोड्याच काळात पसरली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक दास्यपत्र लिहून आपणास पवित्र मरिया मातेचा कायमचा दास म्हणून वाहून घेतले. कुळाने ते गौड सारस्वत ब्राह्मण होते. त्या काळी त्या कुळातील मनुष्याने कोणाचे दास्य पत्करावे, ही गोष्ट सामान्य नव्हती.

ह्याच सुमारास लंकेतील कॅथलिकांची दैना गोव्यात ऐकू येऊ लागली होती. तेथील प्रकार समजल्यावाचून पुढील कथेचे मर्म कळणार नाही, म्हणून तो थोडक्यात सांगतो. लंकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्तसभेची वाढ झाली होती. त्याही पूर्वी, १५४४ साली, मन्नार येथील सुमारे सहाशे नवदीक्षितांनी जाफन्याच्या राजाच्या हातून मरण पत्करले होते. परंतु डच लोकांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये मन्नार व जाफना जिंकून घेतले. सर्व कॅथलिक धर्मगुरूंस हद्दपार करण्यात आले. धर्मगुरूस घरात लपविणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरली. मंदिरे डचांच्या सुधारित पंथाकडे गेली. मुलांचा स्नानसंस्कार व विवाह त्या पंथाच्या उपदेशकांकडून झाला व शाळेच्या थोंबो नावाच्या वहीत त्याची नोंद झाली, तरच संतती औरस मानली जाई आणि वारसाहक्क टिके. पोर्तुगीज अमलातही इतर धर्मीयांची देवालये पाडली गेली होती, हे येथे लपविण्याचे कारण नाही. त्या युगात बळाने धर्म चालविण्याचा दोष कोणा एकाच पक्षाचा नव्हता. पण त्याचा भार ह्या वेळी पडला तो गरीब कोळ्यांवर, शेतकऱ्यांवर व कारागिरांवर.

अशा स्थितीत सुमारे तीस वर्षे गेली. तीस वर्षे म्हणजे एक सबंध पिढी! ज्यांनी बालपणी मिस्सा पाहिली होती ते म्हातारे झाले, आणि ज्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती त्यांना मुले झाली. कित्येकांनी भीतीने डचांच्या मंदिरात जाण्यास सुरुवात केली. कित्येकांनी बाहेरून नाव नोंदविले व घरी रोजरी चालू ठेविली. काही विसरूनही गेले. परंतु कित्येक गावांत आई मुलांस प्रार्थना शिकवीत राहिली. वडीलधारी माणसे रविवारी कोणा एकाच्या अंगणात मंडळी जमवीत राहिली. मन्नारजवळील मांतई येथील पवित्र मातेची मूर्ती लोकांनी १६७० च्या सुमारास रानात नेऊन जपली. आज जेथे मढूचे विख्यात तीर्थक्षेत्र आहे ते तेच रान, असे परंपरा सांगते. ती मूर्ती उचलून नेण्याची आज्ञा देण्यास तेथे कोणी बिशप नव्हता. लोकांनी आपणहून ती जोखीम घेतली.

फादर वाझ यांचे मन लंकेकडे ओढ घेत होते. पण वरिष्ठांनी १६८१ साली त्यांस कानडा प्रांतात पाठविले. तेथील दुखणे निराळेच होते. रोमहून नेमलेले व्हिकार अपोस्तोलिक आणि पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालील गोव्याचे धर्मप्रांत, ह्यांच्यात अधिकाराचा वाद पेटला होता. कोणत्या धर्मगुरूकडून संस्कार घ्यावेत, ह्यावरून मंडळीत फळ्या पडल्या होत्या. वाझ हे गोव्याच्या बाजूचे अधिकारी म्हणून गेले, तरी प्रतिपक्षाच्या बिशपांचा आदर त्यांनी सोडला नाही, आणि वादाची आग भाविकांच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून ते झटले. मोडकळीस आलेली मंदिरे त्यांनी उभारली, शाळा व बंधुमंडळे स्थापन केली, रानावनात विखुरलेल्या कुटुंबांस भेटी दिल्या. छळाने मंडळी फुटते त्याहून अधिक वेळा ती आपसांतील मानापमानाने फुटते, हा धडा त्यांस कानडा प्रांताने शिकविला असावा, असे आम्हांस वाटते.

१६८४ मध्ये ते गोव्यास परतले. तेथे काही देशी धर्मगुरू जुन्या गोव्यातील चमत्कारी पवित्र क्रूसाच्या मंदिरापाशी एकत्र राहून तपश्चर्येचे जीवन जगू पाहत होते. त्या काळी युरोपियनांचे धर्मसंघ येथील लोकांस आपल्यात सहसा घेत नसत. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ त्या मंडळीत दाखल झाले व लवकरच तिचे प्रमुख निवडले गेले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचे नियम त्यांनी स्वीकारले. अशा रीतीने ह्या भूमीतील धर्मगुरूंचा स्वतःचा पहिला संघ उभा राहिला. ह्या कथेत एक उणे आहे, तेही सांगितले पाहिजे. ज्यांस इतरांनी दाराबाहेर ठेविले होते त्यांच्याच ह्या संघाने पुढे दीर्घ काळ ब्राह्मण कुळांतील धर्मगुरूंखेरीज इतरांस आपले दार उघडले नाही. एका अन्यायाचे दुःख भोगलेला मनुष्य दुसरा अन्याय करीत नाही असे नाही. आपल्या धर्मग्रामातही नवे आलेले, गरीब, किंवा दुसरी बोली बोलणारे ह्यांस आपण बाकावर जागा देतो की नाही, हे ह्या निमित्ताने तपासून पाहण्यासारखे आहे.

संघाची घडी बसताच १६८६ मध्ये वाझ यांनी प्रमुखपद सोडले आणि ते लंकेच्या वाटेस लागले. बरोबर जोआव नावाचा एक घरचा सेवक होता. बहुतेक सर्व प्रवास पायी झाला. मलबार ओलांडून ते तुतिकोरीनला पोहोचले. पुढे धर्मगुरूच्या वेशात पाऊल टाकणे अशक्य होते. म्हणून त्यांनी हमालाचा वेश केला, पूजेचे सामान लपविले, आणि १६८७ साली दोघे गलबतात बसले. वादळ व उपासमार सोसून ते लंकेस लागले व जाफना शहरी गेले.

तेथे पोहोचताच फादर वाझ यांस अतिसाराने गाठले. अनोळखी गावात, पैशावाचून, भाषा येत नाही अशा स्थितीत ते रस्त्याकडेला पडून राहिले. कोणा दयाळू स्त्रीने पेज आणून दिली म्हणून ते वाचले, असे चरित्रकार सांगतात. ती स्त्री कोण होती हे कोणासही ठाऊक नाही. आपण एका धर्मगुरूचे प्राण वाचवीत आहोत ह्याची तिला कल्पना नव्हती. तिने पाहिला तो एक आजारी भिकारी.

बरे वाटू लागल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. कॅथलिक ओळखावेत कसे? सर्वजण भीतीने आपला धर्म झाकून वागत होते, आणि चुकीच्या मनुष्यास विचारले तर सर्वनाश होता. तेव्हा वाझ यांनी गळ्यात रोजरीची माळ घातली व ते दारोदार भिक्षा मागू लागले. कोणी हसले, कोणी हाकलून दिले. पण काही घरांत त्या माळेकडे पाहणारे डोळे क्षणभर थबकत. त्या डोळ्यांवरून त्यांनी आपली माणसे हेरली. अखेर एका कुटुंबाविषयी खात्री झाल्यावर त्यांनी आपण धर्मगुरू असल्याचे सांगितले. त्या घरात त्या दिवशी काय भावना दाटल्या असतील ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. तीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो दारात उभा होता, आणि त्याच्या हातात भिक्षापात्र होते.

त्या भाविकांनी त्यांस जाफन्याजवळील सिल्लालै ह्या गावी नेले. हे गाव जवळजवळ सारे कॅथलिक, आणि निष्ठेत अढळ. तेथे सुमारे दोन वर्षे त्यांचे ठाणे राहिले. दिवसा ते लपून असत. रात्र पडली की काम सुरू होई. लहानांचे स्नानसंस्कार, वर्षानुवर्षे साठलेली पापनिवेदने, विवाहांची शुद्धी, आजाऱ्यांच्या भेटी, आणि पहाटेपूर्वी मिस्सा. डचांच्या वहीत नाव घातलेले कित्येक लोक रडत परत आले. वाझ यांनी त्यांस झिडकारले नाही. त्यांची समजूत घालून, प्रायश्चित्त देऊन, त्यांनी त्यांस पुन्हा मंडळीत घेतले.

ह्या सर्व काळात गावातील एकाही मनुष्याने तोंड उघडले असते तर सारा खेळ संपला असता. अशा गावात मुलांस गप्प राहण्यास शिकवावे लागते, निरोप्यास आडवाटेने जावे लागते, आणि ज्याच्या घरी मिस्सा व्हावयाची त्याला आपले घर गमावण्याची तयारी ठेवावी लागते. धर्मग्रामाचे सभासद असणे म्हणजे एकमेकांचे प्राण एकमेकांच्या हाती असणे, हा अर्थ सिल्लालैच्या लोकांस रोज रात्री नव्याने कळत होता.

अखेर डच अधिकाऱ्यांस सुगावा लागला. धर्मगुरूस पकडण्याची पराकाष्ठा झाली. नाताळच्या रात्री जाफन्यात उपासनेसाठी जमलेल्या मंडळीवर शिपाई घालण्यात आले व पुष्कळांची धरपकड झाली. कित्येकांस तुरुंग, दंड व फटके सोसावे लागले. वाझ मात्र सापडले नाहीत. ज्यांच्या पाठीवर वळ उठले त्यांनी त्यांचा पत्ता दिला नाही.

आपणामुळे लोकांचा छळ अधिक वाढू नये म्हणून वाझ डचांच्या मुलखातून निघाले व कँडीच्या राज्यातील पुत्तलम येथे गेले. तेथे त्यांनी मोकळेपणाने कार्य केले. पुढे १६९२ मध्ये त्यांनी राजधानी कँडी गाठली. त्या डोंगराळ राज्यात पूर्वीच्या राजाने आश्रय दिलेली पोर्तुगीज वंशाची कुटुंबे होती, पण दीर्घकाळ धर्मगुरू नसल्याने त्यांचा धर्म नावापुरता उरला होता. दरबारी असलेल्या एका फ्रेंच कॅल्व्हिनपंथीयाने वाझ हे पोर्तुगिजांचे हेर असल्याचे राजाच्या कानी घातले, आणि दुसरा विमलधर्मसूर्य राजा याने त्यांस बंदिवान केले. ह्या बंदिवासाचा वाझ यांनी काय उपयोग केला? त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा सैल झाल्यावर त्यांनी आवारात एक झोपडी बांधून तिचे लहानसे मंदिर केले, आणि जोआवच्या सोबतीने तेथे मिस्सा सुरू झाली. पहिल्याने कैदी आले, मग नगरातील विसरभोळे कॅथलिक एक एक करून येऊ लागले.

१६९३ च्या सुमारास राज्यात मोठे अवर्षण पडले. राजाने वाझ यांस प्रार्थना करण्यास सांगितले. त्यांनी चौकात वेदी मांडली, क्रूस उभा केला व गुडघे टेकले. पाऊस मुसळधार कोसळला, पण वेदी व तो भक्त कोरडे राहिले, अशी परंपरा आहे. राजाची मर्जी बसली आणि वाझ यांस राज्यात हिंडण्याची मुभा मिळाली. बौद्ध राजाने परदेशी ख्रिस्ती भिक्षूस अभय दिले, ही गोष्ट त्या काळच्या युरोपातील किती राजांस करता आली असती, ह्याचाही विचार व्हावा.

तरीही नगराचे मन त्यांनी जिंकले ते पुढील प्रसंगी. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा व धनिक नगर सोडून गेले. आप्तांनी आप्तांस टाकून दिले, आणि आजारी माणसे रस्त्यांवर व रानात मरू लागली. गोव्याहून नुकतेच आलेले फादर जोसेफ काऱ्व्हाल्यो यांस बरोबर घेऊन वाझ यांनी टाकलेली घरे हाती घेतली व तेथे रुग्णांची सोय केली. ते स्वतः अन्न शिजवीत, जखमा धूत, औषध देत, मेलेल्यांस मूठमाती देत. ख्रिस्ती कोण व बौद्ध कोण, हे त्यांनी विचारले नाही. आजपर्यंत ह्या मंडळीने एकमेकांस सांभाळले होते. आता तिने शेजाऱ्यांसही सांभाळावयाचे होते, आणि तिच्या धर्मगुरूने तो धडा आपल्या हातांनी घालून दिला.

ह्यापूर्वीच कोचीनच्या बिशपांनी वाझ यांस लंकेसाठी आपले व्हिकार जनरल नेमले होते. गोव्याच्या ओरेटरीतून मदतीस धर्मगुरू येऊ लागले, तरी सबंध बेटास ते कसे पुरावेत? एकेका धर्मगुरूकडे शेकडो गावे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा भेट व्हावयाची. येथे वाझ यांनी जी व्यवस्था लाविली तीच, आमच्या मते, त्यांच्या आयुष्याचे सर्वांत टिकाऊ कार्य होय. गावोगाव त्यांनी दोन प्रकारचे सेवक नेमले. एक मूप्पू, म्हणजे मंडळीतील वडील. दुसरा अण्णावी, म्हणजे शिकविणारा. रविवारी व सणावारी मंडळी जमवून प्रार्थना चालविणे, मुलांस धर्मशिक्षण देणे, मरणाच्या दारी असलेल्या अर्भकास स्नानसंस्कार देणे, मरणोन्मुख माणसाच्या उशाशी बसून त्यास पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून दाखविणे, मृतांचे दफन करणे, भांडणे मिटविणे, आणि धर्मगुरू येतील तेव्हा कोणास कशाची गरज आहे हे त्यांस सांगणे, ही त्यांची कामे होती. हे लोक शेती व मासेमारी करणारे गृहस्थ होते.

ह्या व्यवस्थेचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. वाझ यांनी संस्कारांचे महत्त्व रतिमात्र कमी केले नाही. उलट एका मिस्सेसाठी ते दिवसचे दिवस चालत. पण एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंतचे महिने मंडळी रिकामी बसणार नाही, ह्याची त्यांनी तजवीज केली. धर्मगुरू येई तेव्हा त्यास नुसती माणसांची गर्दी भेटत नसे. प्रार्थना येणारी मुले, हिशेबात असलेले आजारी, आणि समेटासाठी थांबलेले तंटेखोर भेटत. गोव्याकडील आपले बांधव ज्यास फिर्गज म्हणतात ती वस्तू मंदिराच्या भिंतींत नसून ह्या परस्परांच्या जबाबदारीत आहे, हे त्या गरीब गावांनी दाखवून दिले.

ह्या मंडळीस वाचावयास काही हवे होते. ती उणीव फादर जाकोम गोन्साल्विस यांनी भरून काढली. दिवाडी येथे जन्मलेले हे ओरेटरीचे धर्मगुरू १७०५ साली लंकेस आले आणि त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत वीसहून अधिक ग्रंथ रचले. त्यांतील एकाचे नावच देव वेद पुराणय असे आहे. फादर स्टीफन्स यांच्या भूमीतील पुराण जणू समुद्र ओलांडून गेले. ज्या गावी धर्मगुरू नाही तेथे अण्णावीने हे ग्रंथ मोठ्याने वाचावेत व मंडळीने ऐकावे, अशी रीत पडली.

त्याच सुमारास पोप महाशयांचे प्रतिनिधी तूर्नों हे पूर्वेकडे आले असता, त्यांनी वाझ यांस बिशपपदी नेमण्याचा मानस दर्शविला. वाझ यांनी नम्रपणे नकार दिला. नव्या धर्मगुरूंच्या आगमनाने त्यांनी बेटाचे आठ विभाग पाडले व प्रत्येकावर एक धर्मगुरू नेमला. १७०७ साली गादीवर आलेला राजा नरेंद्रसिंह हाही त्यांचा चाहता होता. परंतु अनवाणी प्रवास, उपवास व ज्वर ह्यांनी देह झिजला होता. अखेरच्या दिवसांतही उठण्याचे त्राण असेपर्यंत त्यांनी पापनिवेदने ऐकण्याचे सोडले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. लंकेत पाय ठेविल्यापासून चोवीस वर्षांत ते गोव्यास एकदाही परतले नव्हते. त्यांच्या मृत्युसमयी बेटावर सुमारे ७०,००० कॅथलिक होते, असे चरित्रकार नमूद करितात.

कँडीतील मंदिरात त्यांचे दफन झाले. पुढे ते मंदिर नष्ट झाले, आणि त्यांच्या समाधीची जागा आज कोणास दाखविता येत नाही. त्यांच्या मंडळीचे मात्र तसे झाले नाही. १७९६ साली डचांची सत्ता गेली, व १८०६ साली ब्रिटिश गव्हर्नर मेटलंड यांनी कॅथलिकांवरील निर्बंध उठविले. त्या वेळी दीडशे वर्षांच्या छळातून पार पडलेली ख्रिस्तसभा तेथे उभी होती. तिला मधल्या काळात सांभाळले ते ओरेटरीच्या मोजक्या गोवेकर धर्मगुरूंनी आणि असंख्य मूप्पू व अण्णावींनी. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातील धर्मसंघ मोडून टाकिले, त्यांत ही ओरेटरीही गेली. पण ज्या कार्यासाठी ती जन्मली होती ते रुजले होते.

दुसरे जॉन पॉल पोप महाशयांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे जोसेफ वाझ यांस धन्य म्हणून घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरी, समुद्रकिनाऱ्यावरील मैदानात, अफाट जनसमुदायापुढे त्यांस संतपद अर्पण केले. ज्या कोलंबोत एके काळी मिस्सा हा गुन्हा होता तेथेच हा सोहळा झाला.

असो. आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आपल्यावर कोणी शिपाई घालीत नाही. आपल्या घंटेस बंदी नाही. मिस्सेची वेळ फलकावर लिहिलेली असते, आणि धर्मगुरूंस बोलावणे धाडले की ते येतात. ही सुखाची स्थिती देवाची कृपा आहे, परंतु तिच्यात एक धोका दडलेला आहे. जे काम सिल्लालैच्या आईने केले ते आपण धर्मशिक्षणाच्या वर्गावर सोपवितो. जे काम मूप्पूने केले ते आपण व्हिकार फादरांवर सोपवितो. आपल्या आळीत कोण अंथरुणास खिळला आहे, कोणाची चूल पेटत नाही, कोणत्या दोन भावांचे बोलणे बंद आहे, कोण पुष्कळ दिवस मंदिरात दिसला नाही, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असते? वर्गणी भरली व रविवारी हजर राहिलो म्हणजे सभासदत्वाचे देणे फिटले असे आपण धरून चालतो. पण धर्मग्रामाच्या नोंदवहीत नाव असणे निराळे, आणि धर्मग्रामाच्या ओझ्यास खांदा देणे निराळे. डचांच्या थोंबोतही नावे पुष्कळ होती.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एक एक गोष्ट हाती घ्यावी, असे आम्ही सुचवितो. घरात सायंकाळची रोजरी बंद पडली असेल तर ती पुन्हा सुरू करावी. एका आजाऱ्याची भेट नेमाने घ्यावी. एका दुरावलेल्या बंधूच्या दारी आपण होऊन जावे, आणि तो का दुरावला हे आधी ऐकून घ्यावे. नवख्या कुटुंबास बाकावर जागा द्यावी व जेवावयास बोलवावे. आणि दारी कोणी फाटका मनुष्य आला तर त्यास पेज द्यावी. तो कोण आहे हे त्या जाफन्याच्या स्त्रीस तरी कोठे ठाऊक होते?

संत जोसेफ वाझ यांनी आपल्या धर्मग्रामासाठी देवाजवळ विनंती करावी. ज्यांनी हे मंदिर उभारले त्या आपल्या पूर्वजांस प्रभू चिरशांती देवो. येथे येणाऱ्या पुढील पिढ्यांस भिंतींसह जिवंत मंडळीही वारशाने मिळो, हीच ह्या शुभप्रसंगी पवित्र मरिया मातेच्या चरणी आमची प्रार्थना.